‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ : इंग्रजी वाक्याच्या पोटात प्रश्न आला की आपली गाडी का घसरते?

ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप. ज्युनिअर पोराचा मेसेज पडतो, “आय आस्क्ड द क्लायंट व्हेन विल ही पे?”

साहेबांचं उत्तर येतं, “मला काय विचारतोस? त्याला विचार.”

पोरगं चक्रावतं. कारण त्याने क्लायंटला विचारलेलंच असतं आणि मेसेजमध्ये तो तेच सांगत असतो. साहेबांच्या नजरेला मात्र शेवटचं ‘व्हेन विल ही पे?’ एवढंच पडतं आणि त्यांना वाटतं, हा आपल्यालाच विचारतोय.

वाक्य असं हवं होतं : “आय आस्क्ड द क्लायंट व्हेन ही विल पे.” फरक दोनच. ‘विल ही’चं ‘ही विल’ झालं आणि प्रश्नचिन्ह जाऊन पूर्णविराम आला. (व्याकरणाचे कट्टर लोक म्हणतील, ‘विल’चं ‘वुड’ पण करा. पण पैसे अजून यायचेच आहेत, त्यामुळे इथे ‘विल’सुद्धा चालतं.)

व्याकरणात याला ‘इनडायरेक्ट क्वेश्चन’ म्हणतात. मराठीत अप्रत्यक्ष प्रश्न. शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’च्या नावाखाली आपण तो केलेला असतो, पण मार्कांपुरता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्यामुळे आज नोकरीत असलेल्या बऱ्याच जणांचं सगळं शालेय शिक्षण इंग्रजी विषयासोबत झालंय, तरी ही चूक तशीच आहे. एसएससी आणि बँकेच्या परीक्षांत ‘चूक ओळखा’ प्रकारात ती हमखास विचारली जाते. आयईएलटीएसच्या लेखी आणि तोंडी परीक्षेत व्याकरणाच्या अचूकतेचे वेगळे गुण असतात, तिथेही ती डोळ्यांवर येते.

ही चूक हुशार माणसंही करतात, आणि ती करण्यामागे चांगलं कारण आहे.

गडबड आपल्या मराठीतून येते

मराठीत प्रश्न विचारा : “तो कुठे राहतो?”

आता हाच प्रश्न मोठ्या वाक्यात घाला : “तो कुठे राहतो ते मला माहीत नाही.”

काय बदललं? काहीच नाही. ‘तो कुठे राहतो’ हे तीन शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने आत गेले. मराठीत प्रश्न विचारताना आपण शब्दांची जागा बदलत नाही, म्हणून तो आत घालताना पूर्ववत करायचाही प्रश्न येत नाही. प्रश्न उचला, ठेवा, पुढे ‘ते’ लावा. झालं काम.

आपण इंग्रजीतही हेच करतो. शाळेत ‘व्हेअर इज ही?’ घोटून घोटून पाठ झालेलं असतं. मग ‘आय डोन्ट नो’ आणि ‘व्हेअर इज ही’ हे दोन तयार डबे एकमेकांना जोडले की झाली आगगाडी. मराठीच्या हिशोबाने यात काहीच वावगं नाही.

इंग्रजीचा हिशोब वेगळा आहे. तिथे साधं विधान ‘ही इज हिअर’ असतं, आधी कर्ता आणि मग क्रियापद. प्रश्न विचारायचा असेल तर ही जोडी उलटवतात, ‘इज ही’. ही उलटापालट म्हणजे समोरच्याला दिलेली एक खूण असते : सावध हो, आता तुला काहीतरी विचारतोय, उत्तर दे. ‘मला माहीत नाही’ म्हणताना आपण समोरच्याला काही विचारतच नसतो. मग खूण कशाला द्यायची? म्हणून जोडी सरळच ठेवायची. “आय डोन्ट नो व्हेअर ही इज.”

आता तुम्ही म्हणाल, पण ‘तो कुठे आहे तुला माहितेय का?’ हा तर प्रश्नच आहे. आहे ना. पण त्यातली खूण बाहेरच्या वाक्यात देऊन झाली : “डू यू नो व्हेअर ही इज?” यातलं ‘डू यू’ हीच ती उलटापालट. एकदा हात वर केल्यावर पुन्हा करायची गरज नसते.

थोडक्यात, उलटापालट एकदाच करायची आणि तीही फक्त बाहेरच्या वाक्यात. बाहेरचं वाक्य विधान असेल तर ती अजिबात नको.

‘डू, डज, डिड’ कुठे गायब होतात?

‘इज’, ‘विल’, ‘कॅन’ असले शब्द असतील तर नुसती अदलाबदल पुरते. खरी पंचाईत ‘व्हेअर डज ही लिव्ह?’सारख्या प्रश्नांत होते, कारण साध्या विधानात ‘डज’ नसतोच. ‘ही लिव्ह्ज इन पुणे.’ मग प्रश्नात हा पाहुणा आला कुठून?

इंग्रजीत पूर्वी कुठलंही क्रियापद कर्त्याच्या आधी टाकून प्रश्न करता यायचा. ‘व्हेअर लिव्ह्ज ही?’ हे काही शतकांपूर्वी अगदी सरळ इंग्रजी होतं. तिची चुलत बहीण जर्मन आजही तसंच करते. पुढे इंग्रजीने बहुतेक क्रियापदांना पुढे उडी मारायला बंदी केली आणि त्यांच्या जागी उडी मारायला ‘डू’ हा गडी नेमला. पंधराव्या-सोळाव्या शतकात हे वाढत गेलं आणि अठराव्या शतकापर्यंत जवळपास पक्कं झालं.

हा गडी येताना काळाचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतो. ‘लिव्ह्ज’मधला ‘ज’ ‘डज’वर जातो आणि मागे नुसतं ‘लिव्ह’ उरतं. ‘वेन्ट’मधला भूतकाळ ‘डिड’वर जातो आणि मागे ‘गो’ उरतं.

अप्रत्यक्ष प्रश्नात उडीच मारायची नाही, मग गड्याचं काम काय? तो घरी जातो आणि ओझं मूळ मालकाला परत करून जातो. ‘व्हेअर डज ही लिव्ह?’चं होतं “आय नो व्हेअर ही लिव्ह्ज.” ‘व्हेअर डिड शी गो?’चं होतं “आय नो व्हेअर शी वेन्ट.” ‘आय डोन्ट नो व्हेअर डिड शी वेन्ट’ असं जे कानावर पडतं, त्यात गडीही थांबलेला असतो आणि मालकानेही ओझं उचललेलं असतं. म्हणून ते जास्त खटकतं.

नकार असेल तर मात्र ‘डू’ राहतो. “आय नो व्हाय ही डजन्ट कम.” कारण तिथे तो ‘नॉट’साठी आलेला असतो.

‘इफ’ म्हणजे फक्त ‘जर’ नव्हे

आतापर्यंतच्या प्रश्नांत कुठे, कधी, का असे शब्द होते. पण हो-नाहीचा प्रश्न असेल तर? “तो येणार का?”

मराठीत शेवटचा ‘का’ सगळं सांभाळून घेतो. “तो येणार का ते विचार.” इंग्रजीत असा ‘का’ नाही. त्याचं काम ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ करतात : “आस्क हिम इफ ही विल कम.” आपण इथे ‘आस्क हिम विल ही कम’ म्हणून मोकळे होतो, कारण आपल्या डोक्यात ‘इफ म्हणजे जर’ एवढंच कोरलेलं असतं. ‘आस्क हिम इफ ही विल कम’ ऐकताना कुठेतरी ‘तो येणार असेल तरच विचार’ असा भास होतो. आणि तो भास अगदीच चुकीचा नाही. समजा लग्नाच्या निमंत्रणात लिहिलंय, “लेट मी नो इफ यू आर कमिंग.” याचे खरोखरच दोन अर्थ निघतात. एक, येणार की नाही ते कळवा. दोन, येणार असाल तर कळवा. दुसरा अर्थ घेणारे पाहुणे येणार नसतील तर काहीच कळवत नाहीत आणि केटररला ताटांचा आकडा देणारा माणूस शेवटपर्यंत लटकतो. तिथे ‘व्हेदर’ वापरलं की एकच अर्थ उरतो. नेमकं उत्तर हवं असेल तिथे ‘व्हेदर’ लिहावं, असं माझं मत. बोलताना ‘इफ’ खुशाल चालू द्या.

याच घरातली दुसरी चूक ‘दॅट’ची. “त्याने विचारलं की तू कुठे होतास” यातल्या ‘की’चं आपण इमानेइतबारे भाषांतर करतो आणि लिहितो, “ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय.” इंग्रजीत ‘व्हेअर’ असताना ‘दॅट’ला जागाच नाही. “ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज.” स्पॅनिशमध्ये बोलताना लोक असं दुहेरी जोडतात आणि कुणी हरकत घेत नाही. इंग्रजीत घेतात.

प्रश्नचिन्ह कधी द्यायचं?

नियम एका ओळीचा आहे : बाहेरचं वाक्य काय आहे ते बघा. ते प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह, विधान असेल तर पूर्णविराम. आतल्या प्रश्नाला मतदानाचा हक्क नाही.

“डू यू नो व्हाय शी लेफ्ट?” बाहेर प्रश्न आहे, चिन्ह द्या. “आय नो व्हाय शी लेफ्ट.” बाहेर विधान आहे, चिन्ह नको. आणि अप्रत्यक्ष प्रश्नाच्या आधी स्वल्पविरामही नको. ‘ही आस्क्ड’नंतर स्वल्पविराम येतो तो फक्त पुढे अवतरणात कुणाचे नेमके शब्द असतील तेव्हा : ही आस्क्ड, “व्हेअर आर यू?” इथे तो माणूस खरोखर बोललेलं वाक्य जसंच्या तसं आहे, म्हणून त्यात उलटापालट आहे आणि अवतरणाच्या आत प्रश्नचिन्हही आहे.

गंमत म्हणजे मराठीतही हाच नियम आहे आणि तो आपण न शिकता पाळतो. “तो कुठे राहतो ते मला माहीत नाही” या वाक्यापुढे कुणी प्रश्नचिन्ह देत नाही. मग इंग्रजीत बोट तिकडे का जातं? कारण मराठीत बाहेरचं क्रियापद शेवटी येतं. टाइप करणारा ‘माहीत नाही’पाशी पोचतो तेव्हा प्रश्न मागे पडलेला असतो. इंग्रजीत ‘आय डोन्ट नो’ आधीच होऊन जातं आणि वाक्य संपतं ते प्रश्नावर. बोटाला शेवटचे शब्द लक्षात राहतात. पटत नसेल तर मराठीतलंच ‘की’वालं वाक्य बघा, ज्यात प्रश्न शेवटी येतो : “आईने विचारलं की तू जेवलास का”. याच्या पुढे मराठीतही कितीतरी लोक प्रश्नचिन्ह ठोकून देतात.

तसं पाहिलं तर हे चिन्ह आपल्याकडचं जुनं नाही. युरोपात प्रश्नासाठी वेगळी खूण आठव्या शतकातल्या हस्तलिखितांत दिसू लागली, शार्लमेन राजाच्या काळात. आपली मोडी मात्र शब्दांत जागा न सोडता आणि विरामचिन्हांशिवाय लिहिली जायची आणि तीत राज्यकारभार चालायचा. मराठीत विरामचिन्हं रुळली एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थ यांच्यासोबत १८४७च्या इंग्रजी-मराठी कोशावर काम करणारे तेच हे कँडी.

आता दोन अडचणीच्या जागा.

पहिली, विनंती. “कुड यू प्लीज टेल मी व्हेन द रिपोर्ट विल बी रेडी” हे रूपाने प्रश्न आहे, पण अर्थाने विनंती. इथे प्रश्नचिन्ह दिलं तर बरोबरच. पण नाही दिलं तरी चूक नाही. अमेरिकेत संपादकांचा ग्रंथ मानला जाणारा ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ अशा सभ्य विनंतीला पूर्णविरामाची मुभा देतो. उलट प्रकार ‘आय वंडर’चा. “आय वंडर इफ यू कुड हेल्प मी” हे रूपाने विधान आहे, त्यामुळे नियमाने पूर्णविराम. तरी मागणी इतकी उघड असते की इंग्रजांच्या देशातले लोकही तिथे प्रश्नचिन्ह देऊन टाकतात. मेलमध्ये नियम पाळा. चॅटवर कुणी दिलं तर भांडू नका. चॅटवर पूर्णविरामाचं स्वतःचं एक दुखणं आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ साली असं आढळलं की मोबाइल मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना ते कमी मनापासून दिलेलं वाटतं.

दुसरी जागा म्हणजे “द क्वेश्चन इज”. इथे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. “द क्वेश्चन इज हू विल पे.” हे साधं विधान. किंवा स्वल्पविराम देऊन खरा प्रश्नच मांडायचा : “द क्वेश्चन इज, हाऊ डू वी पे फॉर इट?” भाषणात आणि लेखात दुसरा प्रकार जास्त चालतो, कारण तो श्रोत्याला थेट विचारतो. चुकतं ते दोन्हींची खिचडी केली की.

हे सगळं कशासाठी? तर सभ्यपणासाठी

मराठीत अदब क्रियापदात असते. ‘सांग’चं ‘सांगा’ केलं, ‘सांगाल का’ केलं, आधी ‘जरा’ लावलं की काम होतं. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांनाही ‘यू’च. मग अदब आणायची कुठून? बऱ्याच वेळा ती अप्रत्यक्ष प्रश्नातून येते. “व्हेअर इज माय रिफंड?” हे काउंटरवर हात आपटल्यासारखं वाटतं. “कुड यू टेल मी व्हेअर माय रिफंड इज?” यात मागणी तीच आहे, पण आवाज खाली आलेला आहे. एचआरला पगाराबद्दल, प्राध्यापकांना शिफारसपत्राबद्दल किंवा व्हिसा कार्यालयाला कागदपत्रांबद्दल विचारताना असलीच वाक्यं लागतात. म्हणजे नेमकं जिथे आपण जपून लिहायला जातो, तिथेच शब्दक्रम घसरतो. “आय वॉन्टेड टू नो व्हेन विल आय गेट माय सॅलरी???” असं लिहिणारा बिचारा नम्रच असतो. ‘आय वॉन्टेड टू नो’ त्याने त्यासाठीच लिहिलेलं असतं. पण उलटलेली जोडी आणि तीन प्रश्नचिन्हं मिळून त्याला भांडखोर ठरवतात.

‘थिंक’बद्दल मात्र सावध राहा. ‘डू यू नो व्हेअर ही लिव्ह्ज?’ बरोबर, म्हणून ‘डू यू थिंक व्हेअर ही लिव्ह्ज?’ बरोबर होत नाही. ‘नो’च्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणता येतं. ‘तो कुठे राहतो असं तुला वाटतं?’ याला ‘हो’ हे उत्तर होऊ शकत नाही, जागेचं नावच सांगावं लागतं. म्हणून प्रश्नाचा शब्द थेट दारात येऊन उभा राहतो : “व्हेअर डू यू थिंक ही लिव्ह्ज?” पोटातला भाग इथेही सरळच आहे, हे लक्षात आलं ना?

जिथे काहीच बदलायचं नसतं

नियम कळल्यावर लोक नको तिथेही शब्द हलवायला लागतात. ‘हू केम?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’, ‘व्हॉट इज राँग?’ या प्रश्नांत ‘हू’ आणि ‘व्हॉट’ हेच कर्ते आहेत. कर्ता आधीच पुढे आहे, उलटापालट झालेलीच नाही. म्हणून “टेल मी व्हॉट हॅपन्ड” आणि “टेल मी व्हॉट इज राँग”. ‘टेल मी व्हॉट राँग इज’ म्हणालात तर मात्र हसतील.

‘आय डोन्ट नो व्हॉट इज द प्रॉब्लेम’ यावर खुद्द इंग्रजी बोलणारेही अडखळतात. परीक्षेत ‘व्हॉट द प्रॉब्लेम इज’ लिहा. पण ‘हू इज द बेस्ट प्लेअर’सारख्या वाक्यात ‘हू’लाच कर्ता मानता येतं, त्यामुळे “आय नो हू इज द बेस्ट प्लेअर” आणि “आय नो हू द बेस्ट प्लेअर इज” ही दोन्ही रूपं ऐकू येतात आणि दोन्ही चालतात.

एक बारीक गोष्ट, जी पुस्तकं सहसा सांगत नाहीत. ‘ही इज’चं बोलताना ‘हीज’ होतं. पण वाक्याच्या शेवटी ते कधीच होत नाही. “टेल मी व्हेअर हीज गोइंग” चालेल, “टेल मी व्हेअर हीज” नाही. शेवटच्या ‘इज’वर जिभेला जोर द्यावाच लागतो.

राहता राहिला प्रश्न, ही चूक फक्त आपलीच का? नाही. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ हे तिचं एक वैशिष्ट्य म्हणूनच नोंदवतात. आणि आयर्लंडमध्ये तर इंग्रजी ही बहुतेकांची घरची भाषा, तरी तिथे “ही आस्क्ड मी वॉज आय हंग्री” असं लोक राजरोस बोलतात, ‘इफ’ न घेता आणि जोडी उलटवून. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतही हे सापडतं. फक्त आयरिश माणूस ते ‘आस्क’ आणि ‘वंडर’नंतर करतो, म्हणजे जिथे कुणीतरी खरंच काही विचारलेलं असतं. आपल्या ज्युनिअरचं “आय आस्क्ड द क्लायंट व्हेन विल ही पे” डब्लिनमध्ये खपून गेलं असतं. “आय डोन्ट नो व्हेअर इज ही” तिथेही खपायला जड गेलं असतं.